‘अळीला सवय झाली’ : लहान मुलांना अधिवास शिकवण्यावरचा एक शोधनिबंध वाचताना

पेट झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिससाठी विषय हवाय. विज्ञानाची पदवी असलेल्या आणि शिक्षणशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना पहिलं शीर्षक एकाच साच्यातलं सुचतं : ‘इयत्ता तिसरीच्या विद्यार्थ्यांना सजीवांचा अधिवास हा घटक शिकवताना अमुक साधनाच्या परिणामकारकतेचा अभ्यास’. साधन कधी ॲप असतं, कधी खेळ, कधी चित्रकथा. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-मूल्य, निष्कर्ष. साधन परिणामकारक ठरतंच. ते ठरलं नाही असा प्रबंध तुम्ही शेवटचा कधी वाचलात?

अडचण साधनात नसते. ‘घटक समजला’ म्हणजे नेमकं काय समजलं, हे आपण आधी ठरवत नाही, अडचण तिथे आहे. म्हणून आज एका गाजलेल्या निबंधाचं वाचन करू. निबंध चांगला आहे, आणि चांगल्या निबंधावर टीका करायला शिकणं हा आपल्या कोर्सवर्कमधला न शिकवला जाणारा पेपर आहे.

जोड्या लावल्या, पुढे काय?

प्राथमिक वर्गातली अधिवासाची चाचणी आठवा. डावीकडे उंट, मासा, माकड, ध्रुवीय अस्वल. उजवीकडे वाळवंट, पाणी, झाड, बर्फ. रेघा ओढा, चार गुण घ्या. मग एका वाक्यात कारण : ‘उंटाला पाणी साठवण्यासाठी कुबड असते.’ कुबडात पाणी नसतं, चरबी असते, ही झाली माहितीची चूक. ती दुरुस्त करायला मिनिट लागतं. खरी भानगड त्या ‘साठी’मध्ये आहे.

तिसरीच्या परिसर अभ्यासात ‘निवारा आपला आपला’ नावाचा पाठ आहे, सातवीच्या सामान्य विज्ञानात पहिलाच पाठ ‘सजीव सृष्टी : अनुकूलन व वर्गीकरण’ हा. या दोन टप्प्यांच्या मधल्या चार वर्षांत मुलाच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसतं : जागा आधीपासून ठरलेली, प्राणी त्या जागेसाठी बनवलेला, दोघांची जोडी कायमची.

हे चित्र आपल्याच भागात तपासून बघा. मी चितेगावात राहते. पैठण रस्त्याने निघालं की तास-पाऊण तासात नाथसागर लागतो. तिथे हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, लोक गाड्या काढून फ्लेमिंगो बघायला जातात. आता पाठातल्या पद्धतीने प्रश्न विचारा : रोहिताचे पाय लांब का? उत्तर तयार आहे, ‘उथळ पाण्यात चालता यावं म्हणून’. छान. पण जायकवाडीचं भूमिपूजन १९६५चं, लोकार्पण १९७६चं. त्याआधी तिथे गोदावरीचं पात्र होतं, काठाला शेतं होती, गावं होती. रोहिताचे लांब पाय आणि उलटी धरून पाणी गाळणारी वाकडी चोच धरणाच्या लाखो वर्षं आधीची. म्हणजे पाय या जागेसाठी झालेले नाहीत. सपाट मुलखात पाणी अडवल्यावर मोठा उथळ जलाशय तयार झाला, आणि ज्यांच्याकडे अशा पाण्यात निभावण्याजोगं शरीर आधीच होतं ते तिथे टिकले. पुढे १९८६ साली तो भाग पक्षी अभयारण्य झाला.

आणि जे आधी तिथे होते त्यांचं काय? काठच्या जमिनीत बिळं करणारे, वाहत्या पाण्यातच अंडी घालणारे, काठच्या झाडांवर घरटी करणारे? काही सरकले, काही संपले. माणसंसुद्धा उठली. पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या गाळावर आजही लोक गाळपेर करतात, म्हणजे तीच जागा वर्षातले काही महिने पाण्यातल्या जिवांची आणि काही महिने ज्वारी-हरभऱ्याची. जोड्या लावण्याच्या चाचणीत ही जागा कुठल्या रकान्यात घालाल?

तर जोड्यांमध्ये दोन गोष्टी गायब होतात. एक, जागा बदलते. दोन, एकाच जातीतले सगळे सारखे नसतात आणि सगळे जगत नाहीत. अधिवासाच्या पाठातला ‘जगणं’ हा शब्द या दुसऱ्या गोष्टीशिवाय पोकळ आहे.

निबंधात काय केलंय

बॉस्टन विद्यापीठातल्या डेबोरा केलेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध २०१४ साली ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात आला. प्रश्न सरळ होता : पाच ते आठ वर्षांच्या मुलांना नैसर्गिक निवडीचं मूळ तत्त्व समजू शकतं का? तोवरचा सर्वसाधारण समज ‘नाही, हे मोठ्या वर्गांसाठी ठेवा’ असा होता.

त्यामागे केलेमन यांचंच आधीचं काम होतं. लहान मुलं प्रत्येक गोष्टीला हेतू चिकटवतात. दगड टोकदार का, तर प्राण्यांना अंग खाजवता यावं म्हणून, अशा छापाचं स्पष्टीकरण मुलांना पटतं, हे त्यांनी १९९९मध्ये दाखवलं होतं. हा कल फक्त मुलांचा नाही. २०१३च्या त्यांच्या एका अभ्यासात व्यावसायिक शास्त्रज्ञांना घाईघाईने उत्तरं द्यायला लावली, तेव्हा त्यांनीसुद्धा अशी हेतूवाचक चुकीची विधानं जास्त प्रमाणात मान्य केली. म्हणजे शिक्षणाने ही सवय पुसली जात नाही, दबली जाते. मग ती घट्ट व्हायच्या आधीच दुसरा विचार द्यावा, असा त्यांचा युक्तिवाद.

त्यासाठी त्यांनी एक चित्रकथा लिहिली. पिलोसा नावाचा काल्पनिक प्राणी, सोंडेने किडे खाणारा. काहींची सोंड जाड, काहींची बारीक. हवामान तापतं, किडे जमिनीखाली अरुंद बोगद्यांत जातात. जाड सोंडवाल्यांना खाणं मिळत नाही, ते लवकर मरतात, त्यांना पिल्लं कमी होतात. बारीक सोंडवाले जगतात, त्यांची पिल्लं जास्त, पिल्लांची सोंडही बारीक. अशा बऱ्याच पिढ्या. शेवटी जवळपास सगळेच बारीक सोंडेचे.

गोष्टीआधी आणि गोष्टीनंतर मुलांच्या मुलाखती झाल्या, तीन महिन्यांनी पुन्हा झाल्या. गोष्टीत नसलेल्या दुसऱ्या प्राण्याबद्दलही विचारलं गेलं. उत्तरांना शून्य ते चार अशी पातळी दिली : सुटी तथ्यंही नाहीत, तिथपासून ते अनेक पिढ्यांवर निवड कशी काम करते इथपर्यंत. मुलांची समज स्पष्ट वाढली, सात-आठ वर्षांच्यांची जास्त, आणि तीन महिन्यांनीही बरीचशी टिकली.

आधी श्रेय

या निबंधातून उचलण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मोजमाप. ‘कोण कुठे राहतो’ असं विचारून ते थांबत नाहीत. ‘आधी असे होते, आता असे आहेत, मधे काय झालं?’ असं विचारतात, आणि मुलाने स्वतःच्या शब्दांत दिलेलं उत्तर तपासतात. वीस वस्तुनिष्ठ प्रश्नांची प्रश्नपत्रिका दिली असती तर आकडे जास्त देखणे आले असते, कळलं काहीच नसतं.

दुसरी गोष्ट, गोष्टीची रचना. एकही प्राणी प्रयत्न करून सोंड बारीक करत नाही. ज्याची जशी आहे तशीच मरेपर्यंत राहते. बदलतो तो कळप. आठ वर्षांच्या मुलाला हा फरक पचतो, हे दाखवणं सोपं काम नव्हतं.

आक्षेप पहिला : तुलना कोणाशी?

याच मुलांच्या आधीच्या आणि नंतरच्या उत्तरांची तुलना आहे. दुसरी गोष्ट ऐकणारा, किंवा काहीच न ऐकणारा गट नाही. लेखकांच्या बाजूने बोलायचं तर नैसर्गिक निवडीचं स्पष्टीकरण काही नुसत्या वयाने किंवा दोनदा प्रश्न विचारल्याने आपोआप सुचत नाही, त्यामुळे बदल गोष्टीचाच हे पटतं. पण गोष्टीतल्या *कशाचा*? चित्रांचा, कारणांच्या साखळीचा, की मुलाखतीत पुन्हा पुन्हा ‘का?’ विचारल्याचा? हे या आराखड्यातून सुटं होत नाही. मोठं माणूस समोर बसून तुमच्या उत्तरावर ‘असं का वाटतं?’ विचारतंय, ही आपल्या साठ मुलांच्या वर्गात कधीच न मिळणारी चैन आहे. तुम्ही ही गोष्ट मराठीत आणून वर्गात वाचून दाखवली आणि परिणाम दिसला नाही, तर दोष गोष्टीला देण्याआधी हे आठवा.

आक्षेप दुसरा : ‘म्हणून’चा घोळ

हा आक्षेप निबंधावर कमी आणि तो जसाच्या तसा इथे आणणाऱ्यांवर जास्त आहे.

ही दोन वाक्यं बघा :

‘पाय लांब आहेत म्हणून तो उथळ पाण्यात चालतो.’
‘उथळ पाण्यात चालता यावं म्हणून पाय लांब आहेत.’

पहिल्यात ‘म्हणून’ परिणाम सांगतो, दुसऱ्यात हेतू. मोठी माणसं क्रियापदावरून फरक ओळखतात. तिसरीतलं मूल मुलाखतीत अर्धवट वाक्य बोलतं : ‘पाण्यात असतो म्हणून.’ आता याला कुठली पातळी द्याल? इंग्रजीत हेतू आणि कारण दाखवायला वेगळे शब्द सहज मिळतात, तिथली वर्गवारी त्या सोयीवर उभी आहे. आपल्याकडे एकच शब्द दोन्ही ओझी वाहतो. वर्गवारीचं नुसतं भाषांतर केलं, तर तुमचे दोन परीक्षक एकाच उत्तराला शून्य आणि दोन देतील, आणि तुम्ही खापर विश्वसनीयतेच्या गुणांकावर फोडाल.

आणि आपला पारिभाषिक शब्द? अनुकूलन. वर्गात तो समजावून सांगताना सगळे शिक्षक एकच क्रियापद वापरतात, ‘जुळवून घेणे’. हा शब्द मुलं कुठे ऐकतात? घरात. नवी सून जुळवून घेते, बदली झालेला मुलगा जुळवून घेतो, शाळा बदललेल्या मुलीला सगळे सांगतात, जुळवून घे. म्हणजे एकट्या माणसाने, मनाशी ठरवून, आयुष्यभरात केलेला बदल. नैसर्गिक निवड याच्या नेमकी उलटी आहे. एकट्या जिवाने काही ठरवायचं नसतं, त्याला जमण्यासारखंही नसतं. आपण गैरसमज दूर करायला बसतो आणि पहिल्याच वाक्यात तो हातात देतो.

आक्षेप तिसरा : पिलोसा कशाला?

काल्पनिक प्राणी घेण्यामागे संशोधनाचं कारण आहे. मुलांना आधीपासून काही माहीत नसावं, म्हणजे मोजमाप स्वच्छ येतं. हे योग्यच. पण प्रयोगाची सोय म्हणजे शिकवण्याची शिफारस नव्हे. निबंध वाचून ‘आपणही काल्पनिक प्राणी घेऊ’ असं ठरवणारे हा फरक विसरतात.

कारण आपल्याकडे पिलोसा कपाशीच्या बोंडात आहे.

गुलाबी बोंडअळीची गोष्ट अशी. भारतात बीटी कापसाला २००२मध्ये परवानगी मिळाली. झाडातच अळीला मारणारं प्रथिन. २००६मध्ये दोन प्रथिनांचं वाण आलं. २०१०मध्ये गुजरातमधली गुलाबी बोंडअळी पहिल्या वाणाला जुमानत नसल्याचं जाहीर झालं, आणि २०१७च्या हंगामात महाराष्ट्रात या अळीने कापसाची दाणादाण उडवली. तेव्हापासून डोमकळ्या वेचा, फरदड घेऊ नका, कामगंध सापळे लावा, हे सगळं मराठवाड्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरांना पाठ आहे.

गावात याचं स्पष्टीकरण एका वाक्यात दिलं जातं : ‘अळीला सवय झाली.’

हे वाक्य नीट ऐका. उंटाच्या कुबडाचं आणि या वाक्याचं व्याकरण एकच आहे. एक अळी, तिने थोडं थोडं विष पचवलं, तिची ताकद वाढली. प्रत्यक्षात कुठल्याही अळीला सवय झाली नाही. लाखोंमध्ये काही थोड्या अळ्या आधीपासूनच वेगळ्या होत्या. बाकीच्या मेल्या, त्या उरल्या. उरलेल्यांचे पतंग आपसात जुळले, पिल्लं तशीच झाली. बोंड हा अधिवास, प्रथिन हा बदल, आणि पिढ्या वर्षाला अनेक. पिलोसाच्या गोष्टीतला एकही दुवा इथे कमी नाही.

आता यातून काय बिघडतं ते बघा. बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटीची १२० ग्रॅमची पुडी येत असे, ‘रेफ्युजी’ म्हणतात ती. शेताच्या कडेने पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, जे जास्त असेल तेवढं, त्या बियाण्याचं लावायचं. कशासाठी? तिथे साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांनी उरलेल्या वेगळ्या पतंगांशी संकर करावा, म्हणजे पुढच्या पिढीत विष पचवणाऱ्या अळ्यांचं प्रमाण वाढत जाऊ नये. ‘अळीला सवय झाली’ हा तुमचा सिद्धांत असेल तर ही पुडी वेडेपणा वाटेल. मुद्दाम अळी पोसायची? ‘काही आधीच वेगळ्या होत्या’ हा सिद्धांत असेल तरच पुडीला अर्थ आहे. बहुतेक पुड्या बांधावर पडल्या. फक्त अज्ञानामुळे पडल्या असं मी म्हणणार नाही. तीन एकरवाल्याने वीस टक्के रान अळीला सोडावं ही अपेक्षाच जड होती. पण ज्याला त्या पुडीचं कारण कळलेलं नाही, त्याला ती नाकारण्याचा निर्णयसुद्धा डोळसपणे घेता येत नाही.

तिसरीच्या वर्गातला ‘साठी’ इतका लांब जातो.

‘साठी’ म्हणणारं मूल चुकलंच का?

इथवर मी केलेमन यांच्या गृहीतकावर चालत आले : हेतूवाचक उत्तर म्हणजे गैरसमज. यालाही विरोध झालेला आहे, आणि आपल्यासारख्यांनी तो वाचलाच पाहिजे. बेथनी ओजालेटो, सँड्रा वॅक्समन आणि डग्लस मेडिन यांनी २०१३मध्ये असा मुद्दा मांडला की मूल ‘चिखल बगळ्यासाठी असतो’ अशा धर्तीवर बोलतं, तेव्हा त्याला ‘कोणीतरी मुद्दाम बनवला’ असंच म्हणायचं असेल असं नाही. ते चिखल आणि बगळा यांचं *नातं* सांगत असू शकतं. मेडिन यांच्या गटाच्या २००३च्या अभ्यासात अमेरिकेतल्या मेनोमिनी या आदिवासी समाजातल्या मुलांनी, शहरी मुलांपेक्षा वेगळेपणाने, कोण कोणाला खातं, कोण कुठे सापडतं अशा नात्यांवरून तर्क केला होता.

चितेगावसारख्या ठिकाणी हे महत्त्वाचं आहे. एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला कपाशी-तूर, रस्त्याच्या कडेने शहराला पाणी नेणारी जलवाहिनी. एखादा व्हॉल्व्ह गळत राहिला की त्याखाली डबकं होतं, बेडूक येतात, चतुर येतात, बगळा येऊन उभा राहतो. इथलं मूल ‘पाणी बगळ्यासाठी गळतं’ असं म्हणालं, तर त्याला गैरसमजाच्या रकान्यात टाकण्याआधी एक प्रश्न विचारा : ‘व्हॉल्व्ह दुरुस्त केला तर बगळ्याचं काय होईल?’ ‘जाईल’ म्हणालं, तर त्याला अधिवास कळलेला आहे, फक्त आपल्या व्याकरणात नाही. ‘बेडकांचं काय?’ विचारा. ‘काही जातील, काही मरतील’ म्हणालं, तर ते सातवीच्या पाठाच्या पुढे आहे. ‘कुठले जातील, कुठले मरतील?’ हा तिसरा प्रश्न. फरकाची गोष्ट तिथे सुरू होते.

केलेमन आणि मेडिन यांच्यात मी कुणाची बाजू घेते? शिकवण्याच्या ध्येयाबाबत केलेमन यांची, कारण नात्याची जाण असूनही ‘सवय झाली’ हे वाक्य सुटत नाही. मुलाचं बोलणं वाचण्याबाबत मेडिन यांची, कारण शब्दावरून विचार ठरवला तर आपण गावातल्या मुलांना शहरातल्यांपेक्षा ‘मागे’ दाखवणारा आणखी एक प्रबंध लिहू. तसे पुरेसे आहेत.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

एक : शीर्षकातून ‘परिणामकारकता’ काही दिवस बाजूला ठेवा. आधी वर्णनात्मक काम करा. तुमच्या तालुक्यातल्या तीस-चाळीस मुलांशी एकेकट्याने बोला, त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. ‘म्हणून’, ‘साठी’, ‘सवय’, ‘जुळवून’ हे शब्द कुठल्या अर्थाने येतात ते बघा. मराठी मुलाखतींसाठी वर्गवारी अशी कमावावी लागते, आयात करून भागत नाही.

दोन : साधन करायचंच असेल तर दोन गोष्टी करा, एक पिलोसासारखी काल्पनिक आणि एक बोंडअळीची. दोन गट, तोच मुलाखतकार, तेच प्रश्न, आणि तीन महिन्यांनी पुन्हा भेट. ओळखीचा प्राणी समज वाढवतो की आधीच्या ‘सवय’वाल्या कल्पनेमुळे अडथळा आणतो? दोन्ही उत्तरं शक्य आहेत, म्हणून प्रश्न चांगला आहे. एक काळजी घ्या. ज्या वर्गात तुम्ही बोंडअळीची गोष्ट सांगाल, तिथे कापूस गेलेल्या घरांतली मुलं असतील. तुमचा ‘प्राणी’ त्यांच्या घरातलं कर्ज असू शकतो.

तीन : नैसर्गिक निवड एका सत्रात दिसत नाही, तसा आव आणू नका. दिसतो तो फरक आणि असमान जगणं. चवळीचे पन्नास दाणे प्रत्येक मुलाने मोजून, मापून, नंबर घालून पेरावेत आणि पाणी कमी करत न्यावं. कोणते उगवले, कोणते टिकले, कोणते गेले, याची यादी करावी. त्या यादीत ‘साठी’ लिहायला जागाच नसते.

आणि गाईडनी विचारलं, ‘यात नवीन काय?’, तर त्यांनाच विचारा : ‘सर, बोंडअळी बीटीला का मरत नाही?’ उत्तरात ‘सवय’ हा शब्द आला, तर तुमच्या पहिल्या प्रकरणाची गरज तिथेच सिद्ध झाली. हा प्रश्न मात्र आरआरसीच्या आधी विचारा, समितीसमोर नको.